विजेता मैदानात ठरावा, कंपनीच्या दफ्तरात नव्हे
भारतीय फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा वाद आणि मक्तेदार भांडवल

बंगळूर शहराच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यालगत, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून निघणारा १६ स्थानकांचा हा मार्ग बोम्मसंद्र्याला संपतो. मार्ग सार्वजनिक आहे. परंतु त्याच्या शेवटच्या टप्प्यातील स्थानकांच्या पाट्या वाचीत गेल्यास गावाच्या नावाआधी कंपनीचे नाव भेटते. इन्फोसिस फाउंडेशन कोनप्पन अग्रहार, बायोकॉन हेब्बगोडी, आणि शेवटी डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स बोम्मसंद्रा! ज्याने पैसा दिला त्याचे नाव आधी, गाव मागून, असा हा रिवाज आहे.

या उद्घाटनाच्या जेमतेम आठवडाभर आधी याच शहरात आणखी एक घटना घडली. जेएसडब्ल्यू या पोलादसम्राटांच्या मालकीच्या बेंगळुरू एफ. सी. या फुटबॉल क्लबने आपल्या मुख्य संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केल्याचे जाहीर केले. कारण काय, तर इंडियन सुपर लीग ही देशातील अव्वल साखळी स्पर्धा होणार की नाही हेच ठाऊक नाही! बोम्मसंद्र्याच्या कंत्राटी कामगाराला 'ले-ऑफ' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण ज्या खेळाडूंची चित्रे शहरभर झळकत होती, त्यांच्यावरही एका सकाळी तीच पाळी यावी, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे.

या वेतनबंदीचा आणि 'देशाचा विजेता संघ कोणता' या वर्षानुवर्षे चाललेल्या वादाचा अतिशय निकटचा संबंध आहे. ही दोन्ही एकाच झाडाची फळे होत. राष्ट्रीय विजेता ठरविण्याचा अधिकार ज्या दिवशी विक्रीस निघाला, त्याच दिवशी खेळाडूची भाकरीही त्या सौद्यात गहाण पडली.

एका हंगामाचे दोन विजेते

साखळी स्पर्धेचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो. महिनोन् महिने ऊन, पाऊस, दुखापती यांना तोंड देत गुण जमवितो. आणि शेवटी ज्याचे गुण सर्वाधिक, तो विजेता. जगातील बहुतेक देशांत हाच न्याय चालतो. भारतातही १९९६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये आणि २००७ पासून तिची जागा घेणाऱ्या आय-लीगमध्ये हाच न्याय होता.

२०१४ साली आठ संघांनिशी इंडियन सुपर लीग अवतरली आणि हा न्याय बदलला. गुणतक्त्यात पहिला येणारा संघ आता विजेता नव्हता. त्याला केवळ पुढील बाद फेरीत जागा मिळे, आणि अंतिम सामन्याच्या एका रात्रीत जो जिंकेल तो 'चॅम्पियन' म्हणविला जाई. यामागे खेळाचे कोणते तर्कशास्त्र होते? तर्कशास्त्र दूरचित्रवाणीचे होते. सर्वाधिक जाहिराती शेवटच्या रात्री विकल्या जातात. विजेता तीन आठवडे आधीच निश्चित झाला, तर त्या रात्रीचा भाव पडतो.

बंगळूरकरांना या पद्धतीचा पहिला तडाखा २०१८ मध्ये बसला. २०१७-१८ च्या हंगामात बेंगळुरू एफ. सी. ४० गुणांसह तक्त्यात अव्वल होता. दुसऱ्या क्रमांकावरील चेन्नईयन ३२ गुणांवर, म्हणजे तब्बल आठ गुण मागे होता. १७ मार्च २०१८ रोजी खुद्द बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर चेन्नईयनने अंतिम सामना ३-२ असा जिंकला आणि विजेतेपद नेले. त्या रात्री चेन्नईयन सरस खेळला, यात वाद नाही. वाद आहे तो वेगळाच. संपूर्ण हंगामाच्या श्रमाचे मोल एका रात्रीच्या तमाशापुढे शून्य ठरावे काय? बेंगळुरूच्या पाठीराख्यांना पुढील वर्षी चषक मिळाला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कारण त्याच पद्धतीने तो उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातून निसटणार आहे.

टीका वाढली तेव्हा संयोजकांनी २०१९-२० पासून तोडगा काढला. गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघासाठी 'लीग विनर्स शील्ड' सुरू केली. पहिली शील्ड एफ. सी. गोवाने मिळविली. चषक मात्र बाद फेरीतील विजेत्यालाच! अशा रीतीने एका हंगामाला दोन विजेते लाभले. २०२१-२२ मध्ये शील्ड जमशेदपूरची, चषक हैदराबादचा. २०२२-२३ मध्ये शील्ड मुंबई सिटीची, चषक एटीके मोहन बागानचा. २०२३-२४ मध्ये शील्ड मोहन बागानची, चषक मुंबई सिटीचा. देशाचा विजेता कोण, या प्रश्नाला 'दोघेही' हे उत्तर देणारी व्यवस्था म्हणजे वाद मिटविण्याची नव्हे, तर एका मालाची दोनदा विक्री करण्याची युक्ती होय.

दोन हंगामी नियम: वरच्यांना एक, खालच्यांना दुसरा

विजेता कसा निवडावा या वादापेक्षाही गंभीर प्रश्न, विजेतेपदासाठी लढण्याचा हक्क कोणाला, हा आहे. साखळीच्या वरच्या श्रेणीतून तळाचा संघ खाली जाईल आणि खालच्या श्रेणीतील विजेता वर येईल, या बढती-पदावनतीच्या नियमामुळेच एखाद्या लहान गावच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपदाचे स्वप्न पाहता येते. सुपर लीगने हा दरवाजाच बंद ठेवला. तेथे प्रवेश गुणांनी नव्हे, फ्रँचायझीच्या रकमेने मिळे.

मिझोरामच्या ऐझॉल एफ. सी.चे उदाहरण घ्यावे. अल्प साधनांच्या, स्थानिक तरुणांच्या या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली आणि कोलकाता, गोवा व बंगळूर येथील बलाढ्य संघांना मागे टाकले. बक्षीस काय मिळाले? त्याच वर्षी आशियाई महासंघाने सुपर लीगला मान्यता दिली, आणि देशाचा विजेता म्हणून मैदानात सिद्ध झालेला संघ दुय्यम मानल्या जाऊ लागलेल्या साखळीत राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला मान्य झालेल्या आराखड्याने आय-लीगच्या दुय्यमपणावर शिक्कामोर्तब केले. २०१९-२० ची आय-लीग मोहन बागानने जिंकली. परंतु १८८९ साली स्थापन झालेला हा क्लब सुपर लीगमध्ये गेला तो विजेतेपदाच्या जोरावर नव्हे, तर गोएंका समूहाच्या एटीकेशी झालेल्या विलीनीकरणाच्या जोरावर! गुणतक्त्याने जे दार उघडले नाही, ते समभागांनी उघडले.

त्या २०१९ च्या आराखड्यात २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्यास बढती आणि २०२४-२५ पासून पदावनतीही, असे वचन होते. बढती सुरू झाली, पंजाब एफ. सी. आणि नंतर मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. पदावनतीचे काय? २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा सुपर लीगच्या तक्त्यात तळाला मोहम्मेडन स्पोर्टिंग होता. त्याला खाली जावे लागले नाही. त्याच हंगामात खालच्या आय-लीगमध्ये तळाच्या स्थानांवर राहिलेल्या संघांमध्ये बंगळूरचाच एस. सी. बेंगळुरू हा क्लब होता. त्याची मात्र पदावनती झाली. एकच देश, एकच महासंघ, एकच हंगाम. पण वरच्या मजल्यावरील मालकाला नापास होण्याची मुभा आणि खालच्या मजल्यावरील क्लबला तत्काळ शिक्षा! कारखान्यातील व्यवस्थापक आणि हंगामी कामगार यांना लावले जाणारे दोन नियम ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा भेद ओळखीचा वाटेल.

विजेता लोझानला ठरला

खालच्या मजल्यावर तरी विजेता मैदानात ठरला काय? ६ एप्रिल २०२५ रोजी आय-लीगचा शेवटचा दिवस होता. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने रिअल काश्मीरशी बरोबरी साधून ४० गुण गाठले. वाराणसीचा इंटर काशी ३९ गुणांवर होता. परंतु जानेवारीतील इंटर काशी विरुद्ध नामधारी एफ. सी. या सामन्याचा निकाल अद्याप तक्रारीत अडकलेला होता. नामधारीने तो सामना २-० असा जिंकला होता. मात्र पिवळ्या कार्डांमुळे अपात्र ठरलेला खेळाडू त्यांनी उतरविला, असा काशीचा आक्षेप होता. महासंघाच्या शिस्तपालन समितीने काशीला विजय दिला. अपील समितीने तो काढून घेतला. चर्चिल ब्रदर्सला विजेते घोषित करण्यात आले. आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने स्थगिती दिली असतानाही चषक त्यांच्या हाती ठेवण्यात आला. पुढे एका परदेशी खेळाडूच्या नोंदणीवरून काशीविरुद्ध दुसरा वाद उभा राहिला. अखेर जूनमध्ये एक आणि १८ जुलै २०२५ रोजी दुसरा असे दोन्ही निकाल लोझानने काशीच्या बाजूने दिले. ४२ गुणांसह इंटर काशी विजेता ठरला आणि सुपर लीगच्या बढतीचा हक्क त्याला मिळाला.

या निकालात काशीचा दोष नाही. नियमाप्रमाणे त्याला जे मिळावयास हवे होते, ते त्याला उशिरा मिळाले. चर्चिलच्या खेळाडूंचाही दोष नाही. हाती आलेला चषक त्यांच्याकडून हिरावला गेला. दोष आहे तो अशा व्यवस्थापनाचा, ज्याला जानेवारीतील एका सामन्याचा निकाल जुलैपर्यंत देता आला नाही, आणि वाद न्यायप्रविष्ट असताना ज्याने समारंभाची घाई केली. शेवटच्या शिटीनंतर तीन महिन्यांहून अधिक काळ उलटून, सहा-सात हजार किलोमीटर दूर, वकिलांच्या युक्तिवादांतून देशाच्या साखळीचा विजेता जाहीर व्हावा, यापरती प्रशासनाची दिवाळखोरी ती कोणती?

सौदा कधी झाला

या गोंधळाचे मूळ ९ डिसेंबर २०१० च्या करारात आहे. प्रफुल्ल पटेल यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या दिवशी आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा करार केला. ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क एका मक्तेदार घराण्याकडे गेले. त्यातूनच नीता अंबानी यांच्या अध्यक्षतेखालील फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही कंपनी आणि सुपर लीग उभी राहिली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सचा माध्यमव्यवसाय आणि स्टार यांचे एकत्रीकरण झाले. स्पर्धेचा संयोजक आणि स्पर्धा दाखविणारा एकाच घरचे झाले. अशा घराला विजेता कसा ठरावा याविषयी निःपक्षपाती मत असेल, अशी अपेक्षा करणे म्हणजे सावकाराने तराजूचे काटे तपासावेत असे म्हणण्यासारखेच आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने २०१३ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मुंबईचे दोन संघ, एअर इंडिया आणि ओएनजीसी, आशियाई परवान्याच्या निकषांत बसत नाहीत या कारणाने आय-लीगमधून वगळण्यात आले. दोन्ही तेव्हा सार्वजनिक क्षेत्रातील संस्थांचे संघ होते. आणि त्याच वर्षी निविदा मागवून जेएसडब्ल्यूच्या नव्या कोऱ्या बेंगळुरू संघाला थेट वरच्या श्रेणीत प्रवेश देण्यात आला. खालच्या श्रेणीत एकही सामना न खेळता! बेंगळुरूच्या खेळाडूंनी पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, २०१६ मध्ये आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. हे कर्तृत्व त्यांचे, आणि ते कोणी नाकारू नये. पण दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी लावले गेले, हे विसरता कामा नये.

२०१६ मध्ये गोव्याच्या धेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन संघांनी प्रस्तावित आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. यांतील पहिले दोन खाणमालकांच्या घराण्यांचे. तेव्हा जुना काळ म्हणजे जनतेच्या खेळाचे सुवर्णयुग होते, असे मानण्याचे कारण नाही. बंगळूरच्याच मल्ल्यांनी एके काळी कोलकात्याच्या दोन्ही थोर क्लबांच्या नावाआधी आपल्या मद्याची नावे जोडली होती. फरक आहे तो इतकाच, की जुने शेठ संघाचे मालक होते. स्पर्धेचे, नियमांचे आणि विजेतेपदाचे मालक नव्हते. २०१० नंतर मालकीची झेप संघावरून स्पर्धेवर गेली. हा फरक प्रमाणाचा नव्हे, गुणात्मक आहे.

'पैसा आला' या युक्तिवादाविषयी

सुपर लीगचे समर्थक म्हणतील: झगमगाट आला, मैदाने सुधारली, खेळाडूंचे मानधन वाढले, परदेशी नामवंत आले, हे खोटे आहे काय? खोटे नाही. परंतु तो पैसा कोणत्या अटीवर आला आणि किती दिवस टिकला, हे पाहिले पाहिजे. पुण्याकडे पाहावे. पुणे एफ. सी., कल्याणी समूहाचा भारत एफ. सी., डीएसके शिवाजीयन्स आणि सुपर लीगमधील एफ. सी. पुणे सिटी: २०१५ ते २०१९ या अवघ्या चार वर्षांत एका शहराचे चार व्यावसायिक संघ नाहीसे झाले. भारत एफ. सी. तर एकाच हंगामाचा पाहुणा ठरला. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला होता, २०११ मध्ये फगवाड्याचा जेसीटी. तोच जेसीटी, जो १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता. भांडवल खेळात येते ते नफ्यासाठी वा नावासाठी, आणि दोन्ही मिळेनासे झाले की खेळाडूला रस्त्यावर सोडून निघून जाते.

२०२५ मध्ये हे सत्य संपूर्ण देशासमोर उघडे पडले. १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपणार होता. नूतनीकरणाची खात्री नाही म्हणून जुलैमध्ये संयोजक कंपनीने सुपर लीग स्थगित केली. बेंगळुरू एफ. सी.ची वेतनबंदी त्यातूनच आली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली. अव्वल साखळी महासंघाच्याच मालकीची असावी आणि तीत बढती-पदावनती असावी, हे तत्त्व त्या घटनेत आहे. त्यानंतर महासंघाने व्यापारी हक्कांच्या निविदा मागविल्या. ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही! जे घराणे पंधरा वर्षे 'फुटबॉलच्या विकासा'चा डांगोरा पिटीत होते, तेही पुढे आले नाही. अखेर ६ जानेवारी २०२६ रोजी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना पुढे येऊन १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची, ९१ सामन्यांची एकेरी साखळी होईल असे जाहीर करावे लागले. संकटाच्या वेळी खासगी भांडवलाचा भार अखेर शासनाच्याच खांद्यावर येतो, हा धडा बँकांनी दिला होता. फुटबॉलने तो पुन्हा दिला.

अमेरिकेच्या आरशात

ही वाट कोठे जाते हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलकडे दृष्टी टाकावी. तेथील फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावण्याचा खेळ. पण अर्थकारण ओळखीचे आहे. त्याच्या सर्वोच्च श्रेणीचा राष्ट्रीय विजेता दीर्घकाळ मैदानात नव्हे, तर १९३६ पासून वृत्तपत्रीय प्रतिनिधींच्या मतदानाने ठरत असे. १९९८ मध्ये मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची सरमिसळ आली. २००३ च्या हंगामात एका पद्धतीने लुईझियाना, तर दुसऱ्या पद्धतीने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ विजेते ठरले. २०१४ पासून तेरा जणांची समिती चार संघ निवडू लागली. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकूनही वगळला गेला. २०२४ पासून चाराचे बारा झाले. प्रत्येक सुधारणेबरोबर वाद कमी झाला नाही. प्रक्षेपणाचा भाव मात्र वाढला. सध्याचा प्रक्षेपण-करार वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरचा आहे. आणि ज्यांच्या हाडामांसावर ही तिजोरी उभी राहिली, त्या विद्यार्थी-खेळाडूंना महाविद्यालयांनी थेट मोबदला देण्याचा मार्ग मोकळा झाला तो जून २०२५ मध्ये, तोही दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर.

उलट उदाहरणेही आहेत. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःसाठी बंदिस्त 'सुपर लीग' जाहीर केली. इंग्लंडमधील पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांच्या आत तो डाव कोसळला. जर्मनीत क्लबातील बहुमत सभासदांकडेच राहावे असा नियम १९९८ पासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून फेकून सामने रोखले आणि साखळीच्या हक्कांत बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याचा बेत हाणून पाडला. तेव्हा 'दुसरा पर्याय नाही' ही मखलाशी कोणी करू नये.

दोन दिवस, दोन मैदाने

३ मार्च २०२३ रोजी कांतीरवावर बेंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना होता. जादा वेळेत सुनील छेत्रीने भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. ब्लास्टर्सचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबाला चार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दिवसेंदिवस वाहिन्यांवर हीच चर्चा चालली.

दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, कर्नाटकाच्या संघाने मेघालयाला ३-२ असे हरवून संतोष करंडक, म्हणजे राज्यांचे राष्ट्रीय विजेतेपद, ५४ वर्षांनी पुन्हा जिंकले. हा सामना कोठे झाला? सौदी अरेबियातील रियाध येथे! ज्या राज्याने अर्ध्या शतकानंतर हा मान मिळविला, त्या राज्यातील बोम्मसंद्र्याचा कामगार तो पाहावयास जाणार कसा? १९३७ आणि १९३८ साली बंगळूरच्या 'बंगलोर मुस्लिम्स' संघाने मुंबईत येऊन गोऱ्या पलटणींच्या मक्तेदारीतील रोव्हर्स करंडक जिंकला होता. साम्राज्याच्या काळात बंगळूरचे तरुण मुंबईत जाऊन राष्ट्राचा मान जिंकू शकले. आणि स्वतंत्र देशाची राष्ट्रीय स्पर्धा मात्र तिच्या जनतेपासून समुद्रापलीकडे नेण्यात आली.

बंगळूरच्या फुटबॉलचा कणा एके काळी एचएएल, आयटीआय, बीईएमएल अशा सार्वजनिक कारखान्यांचे संघ होते. खेळाडूला कायम नोकरी, वसाहतीत घर, निवृत्तिवेतन. सायंकाळी पाळी सुटली की मैदान. एचएएलचा संघ २०१० ते २०१२ या काळात आय-लीगपर्यंत पोहोचला होता. कारखान्याचा संघ ही मालकाची मेहेरबानी नव्हती. कायम नोकरीच्या हक्काचे ते एक रूप होते. बोम्मसंद्र्यासारख्या नव्या वसाहतींत कायम नोकरीच कंत्राटाने गिळली, तेथे संघ कोठून राहणार? कोल्हापुरात आजही पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस अशी पेठापेठांची, तालमींची नावे घेऊन शाहू मैदान भरते. तेथल्या पोराच्या पायात कसब आहे. पण त्या पेठेच्या संघाला खेळाच्या बळावर राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत नेणारी शिडी मात्र मधूनच कापलेली आहे.

काय मागावयाचे

मागण्या साध्या आहेत. हंगामाचा विजेता एकच असावा आणि तो गुणतक्त्याने ठरावा. ज्यांना बाद फेरीचा चषक खेळवावयाचा असेल त्यांनी तो वेगळ्या नावाने खेळवावा. बढती आणि पदावनती वरपासून खालपर्यंत प्रत्येक श्रेणीस एकाच हंगामात, एकाच कठोरपणाने लागू व्हावी. सामन्याविषयीची तक्रार ठरावीक दिवसांत देशातच निकालात निघावी आणि ती प्रलंबित असेतो चषकाचा समारंभ होऊ नये. हंगामाच्या मध्यावर नियम बदलू नयेत. प्रत्येक क्लबाने हंगाम सुरू होण्यापूर्वीच संपूर्ण वेतनाची रक्कम महासंघाकडे अनामत ठेवावी, म्हणजे मालकाच्या लहरीने कोणाची चूल विझणार नाही. संस्थांच्या व कामगारांच्या संघांना परवान्याच्या नावाखाली वगळण्याऐवजी त्यांना पात्र होण्यास साहाय्य मिळावे. आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात कामगारांच्या खेळासाठी मैदान राखून ठेवावे.

यांतील एकही मागणी अवास्तव नाही. काही तर महासंघाच्या नव्या घटनेत तत्त्वतः मान्यही झाल्या आहेत. पण कागदावरचे तत्त्व आपोआप मैदानात उतरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधी काढण्याचे नियम एकाएकी बदलले, तेव्हा बंगळूरच्या हजारो तयार-कपडे कामगारांनी, प्रामुख्याने स्त्रियांनी, होसूर रस्ता अडविला. बोम्मसंद्र्याच्या उंबरठ्यावरील हेब्बगोडी त्या लढ्याच्या केंद्रांपैकी एक होते. दोन दिवसांत सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. कोणाच्या घामाचा पैसा, कोणाच्या नियमाने रोखावयाचा, हाच तेथे प्रश्न होता. फुटबॉलच्या मैदानावरही आज तोच प्रश्न आहे: घाम खेळाडूचा, टाळी प्रेक्षकाची, आणि नियम कोणाचा?

मेट्रोच्या पाटीवर कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी गाडी पोहोचते ती बोम्मसंद्र्यालाच. चषकावर प्रायोजकाचे नाव कितीही ठळक कोरले, तरी गोल करतो तो खेळाडूच. विजेता त्याच्या पायांनी आणि सर्वांना समान असलेल्या नियमांनी ठरला पाहिजे. हा आग्रह खेळाडूंनी, पाठीराख्यांनी आणि कामगारवर्गाने एकमुखाने धरला, तर पंधरा वर्षांपूर्वी विकले गेलेले हे विजेतेपद परत मिळविणे मुळीच अशक्य नाही.